जिताड्याचं पिल्लू: कोणता अवयव कधी घडतो आणि त्याप्रमाणे टाकीत काय बदलायचं

जिताडा या माशाच्या हॅचरीत, म्हणजे बीजोत्पादन केंद्रात, बहुधा एक तक्ता भिंतीला चिकटवलेला असतो. तिसऱ्या दिवशी रोटिफर (पाण्यातले सूक्ष्म जीव), नवव्या-दहाव्या दिवशी आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला इवलासा कोळंबीसारखा जीव), पंधराव्या दिवसापासून कोरडं खाद्य. तक्ता खोटा नसतो, पण तो कुठल्यातरी एका टाकीवरून आणि एका तापमानावरून तयार झालेला असतो. २६ अंश सेल्सियसच्या पाण्यातलं पिल्लू आणि ३० अंशांच्या पाण्यातलं पिल्लू एकाच दिवशी जन्मलं तरी आठवड्याभरात त्यांच्या शरीराचं वय वेगळं होतं. एकाचा पृष्ठरज्जू (कण्याच्या जागी आधी बनणारी लवचीक दोरी) शेपटीशी वळायला लागलेला असतो, दुसऱ्याचा अजून सरळच असतो. त्यामुळे नव्याने कामाला लागणाऱ्याने पहिली सवय लावून घ्यावी ती ही: तारीख वहीत लिहा, पण निर्णय सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या अवयवावर घ्या.

इथे जिताडा निवडला आहे, कारण रायगडच्या खारेपाटातल्या तळ्यांमुळे तो आपल्याकडे घराघरात माहीत आहे. गोव्यात तो चोणक, बंगालात भेटकी, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. नदीत-खाडीत वाढतो आणि अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्यात जातो. त्यामुळे मोठा मासा गोड्या पाण्यात राहिला तरी अंडं आणि पिल्लू खऱ्या अर्थाने समुद्री असतं. थायलंडमध्ये सोंगखला इथे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं बीजोत्पादन जमलं. भारतात चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये बंदिस्त टाकीत त्याचं प्रजनन यशस्वी केलं. खाली दिलेले दिवस २८ ते ३० अंश तापमान आणि २८ ते ३२ पीपीटी (हजार भागांत इतके भाग मीठ) क्षारता धरून आहेत.

आधी लागणारं सामान आणि नमुना घेण्याची रीत

फार महाग काही लागत नाही. ४ आणि १० पट भिंग असलेला साधा सूक्ष्मदर्शक, जमल्यास एक स्टिरिओ सूक्ष्मदर्शक, मधोमध खळगा असलेल्या काचपट्ट्या, रुंद तोंडाचा ड्रॉपर, लवंगतेल आणि नेत्रिकेत (डोळा लावायच्या भिंगात) बसणारी मोजपट्टी. मोजपट्टी बसवून लगेच मोजायला लागू नका. आधी तिचं प्रमाण ठरवा. एक मिलिमीटरचे शंभर भाग केलेली काचपट्टी मिळते, ती खाली ठेवा. समजा ४ पट भिंगात नेत्रिकेचे ४० भाग बरोबर एक मिलिमीटरवर बसले, तर एक भाग २५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मग ३१ भाग भरलेलं अंडं ७७५ मायक्रॉनचं. भिंग बदललं की प्रमाण बदलतं. हा आकडा सूक्ष्मदर्शकाच्या अंगावरच पट्टी लावून लिहून ठेवा.

पिल्लू बेशुद्ध करण्यासाठी एक भाग लवंगतेल नऊ भाग अल्कोहोलमध्ये मिसळून साठ्याचं द्रावण करा. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण १०० मिलिग्रॅम तेल असतं. एक लिटर टाकीच्या पाण्यात ०.३ मिलिलिटर घातलं की सुमारे ३० पीपीएम (दहा लाख भागांत ३० भाग) होतं. तेल नुसतं पाण्यात टाकू नका, ते वर तरंगत राहतं. आणि तपासलेलं पिल्लू टाकीत परत सोडू नका.

रोज एकाच वेळी, सकाळचं पहिलं खाद्य देण्याआधी एकदा आणि दिल्यानंतर दीड-दोन तासांनी एकदा, प्रत्येक टाकीतून १० ते १५ पिल्लं घ्या. इथे नवखे लोक हमखास चुकतात. बीकर पृष्ठभागावर बुडवला की त्यात अशक्त, वर तरंगणारी पिल्लं जास्त येतात. चपळ पिल्लं बीकर पाहून बाजूला होतात. म्हणून रुंद नळीने तीन जागांहून, वेगवेगळ्या खोलीवरून पाणी ओढा आणि सगळं एका भांड्यात मिसळून त्यातून नमुना घ्या. नाहीतर तुम्ही टाकी तपासत नसता, टाकीतली आजारी पिल्लं तपासत असता.

अंडं: अवयव सुरू होण्याआधीची परीक्षा

चांगलं अंडं काचेसारखं पारदर्शक, गोल, साधारण ०.७४ ते ०.८० मिलिमीटर व्यासाचं असतं आणि त्यात तेलाचा एकच थेंब असतो. ३० पीपीटीच्या आसपासच्या पाण्यात हवा बंद केली की जिवंत, फळलेली अंडी पाच-दहा मिनिटांत वर येतात, मेलेली पांढुरकी होऊन तळाला बसतात. तळाची सायफनने काढून टाका, नाहीतर ती कुजतात.

पहिल्या दोन-तीन तासांत पेशींची विभागणी बघा. पेशी सारख्या आकाराच्या, रांगेत असाव्यात. वेड्यावाकड्या पेशी असलेली अंडी जास्त असतील, किंवा तेलाचे दोन-तीन थेंब दिसत असतील, तर ती तुकडी पुढे पिल्लांच्या रूपात त्रास देण्याची शक्यता मोठी असते. अशा तुकडीवर टाकी अडवून ठेवण्यापेक्षा पुढच्या तुकडीची वाट पाहणं स्वस्त पडतं. एवढा कडक निर्णय नव्या माणसाला जड जातो, पण तो इथेच घ्यायला हवा.

उबवण बहुधा १२ ते १७ तासांची. शेवटच्या टप्प्यात अंड्यातच हृदय धडधडताना दिसतं आणि शेपटी झटके देते.

पहिले पन्नास तास: शिदोरीवर चाललेलं शरीर

बाहेर आलेलं पिल्लू सुमारे १.५ मिलिमीटर लांब असतं. त्यातली अर्ध्याहून अधिक लांबी पीतकपिशवीच्या, म्हणजे अंड्यातल्या बलकाच्या पिशवीच्या, वर पसरलेली असते. तेलाचा थेंब पिशवीच्या पुढच्या टोकाला असल्याने पिल्लू डोकं वर करून तिरपं किंवा उभं तरंगतं. ते आजारी नसतं. डोळे रंगहीन, तोंड बंद, आतडं म्हणजे एक सरळ नळी. कल्ले नसतात. पिल्लू त्वचेतून श्वास घेतं, आणि अंगावरच्या व पीतकपिशवीवरच्या खास पेशी जादा मीठ बाहेर टाकतात. रक्त जवळजवळ रंगहीन असतं.

या काळात तुम्ही तीन गोष्टी मोजायच्या.

पहिली, पीतक. पिशवीची लांबी आणि उंची मोजा. आकारमान म्हणजे लांबी गुणिले उंचीचा वर्ग गुणिले ०.५२. उदाहरणार्थ लांबी ०.८ आणि उंची ०.४ मिलिमीटर असेल तर सुमारे ०.०६७ घन मिलिमीटर. दर सहा तासांनी मोजून आलेख काढला की शिदोरी किती वेगाने संपते आहे ते कळतं. पाणी जास्त गरम असेल तर पीतक लवकर संपतं, पण अवयव त्याच प्रमाणात पुढे गेलेले नसतात. म्हणून उबवण झाल्यावर ‘लवकर वाढू दे’ म्हणून तापमान ३१-३२ अंशांवर नेऊ नका.

दुसरी, डोळा. आधी कडा राखाडी होते, मग पूर्ण काळी होते. डोळा काळा झाल्याशिवाय पिल्लू भक्ष्य पकडू शकत नाही.

तिसरी, तोंड. साधारण ३० ते ३६ तासांत तोंड उघडतं, पण जबडा लगेच हलत नाही. जबडा उघडझाप करू लागणं आणि मागे गुदद्वार उघडणं या दोन्ही खुणा दिसल्या की पिल्लू खायला तयार आहे. पहिला घास बहुधा ५० तासांच्या आसपास.

पीतक त्याच सुमारास संपतं, मात्र तेलाचा थेंब आणखी दोन-तीन दिवस पुरतो. हा थेंब म्हणजे शिकण्यासाठी मिळालेली मुदत आहे, कारण पिल्लाचे सुरुवातीचे बहुतेक झडप घालण्याचे प्रयत्न फसतात. थेंब शिल्लक असताना खाद्य समोर असेल तरच ते शिकतं. थेंब संपल्यावर रोटिफर ओतले तर पिल्लाच्या अंगात भक्ष्यामागे जाण्याचीही ताकद उरलेली नसते. टाकी खाद्याने भरलेली आणि पिल्लं उपाशी मेलेली, असं दृश्य दिसतं ते यामुळे. आतड्याच्या भिंती आणि स्वादुपिंडाच्या पेशीसुद्धा उपासाने आक्रसतात. मग खाद्य पोटात गेलं तरी पचत नाही. म्हणून दहापैकी चार-पाच पिल्लांचा जबडा हलताना दिसला की रोटिफर घाला, सगळ्यांची वाट पाहू नका.

पहिलं खाद्य आणि जठर नसलेलं आतडं

तोंड उघडेपर्यंत यकृत, स्वादुपिंड आणि पित्ताशय बनलेलं असतं. आतड्याला एक वळण पडतं आणि झडपांमुळे त्याचे पुढचा, मधला, मागचा असे भाग दिसू लागतात. जठर मात्र नसतं. हे नीट समजून घ्या, कारण पुढच्या दोन आठवड्यांतले निम्मे निर्णय त्यावर अवलंबून आहेत.

जठर नाही म्हणजे आम्ल नाही आणि त्या आम्लात प्रथिनं फोडणारं पेप्सिन हे पाचक द्रव्य नाही. प्रथिनं फोडण्याचं काम स्वादुपिंडातून येणारं ट्रिप्सिन आतड्याच्या अल्कधर्मी वातावरणात करतं. जे पूर्ण फुटत नाही ते मागच्या आतड्याच्या पेशी जसंच्या तसं गिळतात आणि आपल्या आत पचवतात. स्निग्ध पदार्थ पुढच्या आणि मधल्या भागात शोषले जातात. अशा आतड्याला मऊ, ओलसर, सुटी अमिनो आम्लं असलेलं जिवंत खाद्यच मानवतं.

सुरुवातीला लहान जातीचे रोटिफर द्या, १०० ते २१० मायक्रॉनचे. मोठ्या जातीचे रोटिफर ३०० मायक्रॉनच्या पुढे जातात. पहिल्या दिवसाच्या तोंडात ते मावत नाहीत. प्रमाण मिलिलिटरमागे १० पासून सुरू करून २० पर्यंत. हिशेब असा: १००० लिटरच्या टाकीत मिलिलिटरमागे १० म्हणजे एक कोटी रोटिफर. पुढच्या फेरीला आधी उरलेले मोजा. एक मिलिलिटर पाणी घ्या, आयोडीनच्या द्रावणाचा थेंब टाका म्हणजे रोटिफर स्थिर होतात, मग मोजा. ३ उरले असतील तर ७ च्या हिशेबाने ७० लाख घाला. न मोजता दरवेळी एक कोटी ओतलेत तर उरलेले उपाशी, पोकळ रोटिफर साचतात. पिल्लू तेही खातं आणि त्यातून काही मिळवत नाही.

टाकीत नॅनोक्लोरॉप्सिससारखं हिरवं शेवाळ, मिलिलिटरमागे काही लाख पेशी, ठेवा. त्यामुळे रोटिफरांचं पोट भरलेलं राहतं, प्रकाश पसरून येतो आणि त्या पार्श्वभूमीवर भक्ष्य ठळक दिसतं. बहुतेक समुद्री माशांच्या पिल्लांप्रमाणे इथेही दृष्टिपटलात सुरुवातीला उजेडात पाहणाऱ्या शंकू पेशीच असतात, अंधुक प्रकाशात पाहणाऱ्या दंड पेशी मागून येतात. अंधाऱ्या टाकीत पिल्लू खात नाही ते म्हणून.

मेंदू आणि दृष्टिपटल बांधायला डीएचए हे मेदाम्ल लागतं. यीस्टवर वाढवलेल्या रोटिफरमध्ये ते फार कमी असतं. टाकीत सोडण्याआधी त्यांना काही तास समृद्धीकरणाचं मिश्रण (डीएचएसारखी मेदाम्लं असलेलं) खाऊ घाला आणि मग ६० मायक्रॉनच्या जाळीवर धुऊन घ्या. डीएचए कमी पडल्याचं लक्षण रोजच्या टाकीत दिसत नाही. पिल्लं खातात, वाढतात, आणि जाळी लावली किंवा टाकी बदलली की धक्क्याने निपचित होऊन मरतात. तेव्हा ‘हाताळणी चुकली’ असं वाटतं. चूक दहा दिवसांपूर्वीच्या खाद्यात असते.

नमुन्यात बघायचं काय? खाद्य दिल्यावर दीड-दोन तासांनी आतड्यात रोटिफरांची कवचं दिसली पाहिजेत. पहिल्या दिवशी निम्म्या पिल्लांच्या पोटात काही असलं तरी ठीक. दुसऱ्या दिवशी दहापैकी आठ-नऊ पोटं भरलेली हवीत.

वाताशय: तीन-चार दिवसांची संधी

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि ते सगळ्यात उशिरा कळतं. वाताशय म्हणजे पाठीच्या कण्याखालची हवेची पिशवी. घोळीच्या पोटातून काढून कोळी बांधव वाळवतात ते बोत म्हणजे हाच अवयव. पिल्लात ती सुरुवातीला आतड्याला एका बारीक नळीने जोडलेली असते. पहिल्यांदा फुगवण्यासाठी पिल्लाला पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो. तो घोट नळीतून पिशवीत जातो. साधारण तिसऱ्या दिवसापासून पुढचे तीन-चार दिवस हे होऊ शकतं. मग नळी बंद होत जाते आणि पुढे पिशवीतली हवा रक्तातून येणाऱ्या वायूने कमीजास्त होते. संधी गेली की त्या पिल्लाची पिशवी बहुधा कायमची रिकामी राहते.

रिकाम्या पिशवीचं पिल्लू मरतंच असं नाही. ते तरंगत राहण्यासाठी डोकं वर करून सतत शेपटी हलवतं. खाल्लेल्यातली बरीच ऊर्जा त्यात जाते, वाढ खुंटते, आणि कोवळ्या मणक्यांवर एकाच बाजूने ताण येऊन कणा पोटाकडे वाकतो. महिन्याभराने ‘वाकडी पिल्लं फार निघाली’ अशी तक्रार येते तिचं मूळ पहिल्या आठवड्यात असतं.

हवेचा घोट अडवतो तो पाण्यावरचा तेलकट थर. समृद्धीकरणाचं तेल, मेलेल्या पिल्लांतली चरबी, रोटिफरांसोबत आलेला फेस, कामगाराच्या हातावरचं तेलसुद्धा. एवढं लहान पिल्लू तो पडदा फोडू शकत नाही. त्यावर उपाय साधा आहे. पीव्हीसी नळीची चौकट करून पृष्ठभागावर तरंगती ठेवा, एका कोपऱ्यातून पृष्ठभागाला समांतर हलकी हवा सोडा म्हणजे थर चौकटीत ढकलला जातो. जमलेला थर दिवसातून तीन-चार वेळा टिपकागदाने किंवा मगाने काढून घ्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच चौकट लावा, पिल्लं वर येण्याच्या आधी. पृष्ठभाग स्वच्छ आहे का हे उजेड तिरपा पाडून बघा. इंद्रधनुषी झाक दिसली तर तेल आहे.

हवेचा जोरही सांभाळा. फार बुडबुडे असतील तर पिल्लू पृष्ठभागावर टिकत नाही, अगदी बंद असेल तर थर जमतो आणि पिल्लं कोपऱ्यात गोळा होतात. बुडबुडे सुटे मोजता येतील एवढाच जोर पहिले पाच दिवस पुरे.

तपासणी सोपी. पिल्लू आडवं ठेवून डोक्याच्या थोडं मागे, आतड्याच्या वर पाहा. फुगलेली पिशवी काचेच्या मण्यासारखी चमकते, तिची कड काळी ठसठशीत दिसते. तेलाचा थेंब त्याच भागात उरलेला असू शकतो, त्याची गल्लत करू नका: तो खाली, पीतकाच्या जागी असतो आणि पिवळसर दिसतो. पाचव्या दिवशी २० पिल्लं बघून किती फुगली ते टक्क्यांत लिहा. चौथ्या-पाचव्या दिवशी आकडा फार कमी असेल तर अजून वेळ आहे, त्याच तासाला पृष्ठभाग साफ करा. आठव्या दिवशी कमी दिसला तर त्या टाकीला सुधारता येत नाही. पुढे वर्गवारी करताना ती पिल्लं वेगळी काढावी लागतात.

उलट प्रकारही घडतो. पिशवी अति फुगते, पिल्लं पोट वर करून पृष्ठभागाला चिकटतात. अचानक वाढलेला उजेड, हाताळणी, पाण्यातला जादा विरघळलेला वायू ही कारणं शोधा. पंपाच्या ओढनळीत कुठे हवा शिरते आहे का ते आधी बघा. विषाणूजन्य आजारातही हे लक्षण दिसतं, त्याबद्दल पुढे.

कल्ले आणि मीठ

हे थोडक्यात. पहिल्या काही दिवसांत कल्ल्यांच्या कमानी दिसतात, पण त्यांच्यावरची पिसांसारखी पानं नंतर येतात आणि श्वासाचं काम हळूहळू त्वचेकडून कल्ल्यांकडे जातं. पिल्लू लांब-जाड होतं तसं त्वचेचं क्षेत्र शरीराच्या मानाने कमी पडू लागतं, म्हणून दुसऱ्या आठवड्यात ऑक्सिजनची कमतरता आणि अमोनिया जास्त जाणवतो. त्या वेळी हवा वाढवा आणि रोज १० ते २० टक्के पाणी बदलायला सुरुवात करा. क्षारता खाली आणायची घाई करू नका. जिताडा गोड्या पाण्यात राहतो म्हणून आठव्या दिवशी गोडं पाणी मिसळणारे असतात. मीठ सांभाळणाऱ्या पेशी कल्ल्यांवर स्थिरावेपर्यंत, म्हणजे पिल्लाला पर आणि खवल्यांची चाहूल लागेपर्यंत, २५ पीपीटीच्या खाली जाऊ नये. नंतर दिवसाला दोन-तीन पीपीटी कमी करा.

शेपटी वळणं, पर, जबडा आणि आर्टेमिया

आठव्या ते अकराव्या दिवसाच्या सुमारास, चार-पाच मिलिमीटर लांबीला, पृष्ठरज्जूचं शेवटचं टोक वर वळतं आणि खाली शेपटीच्या पराची हाडं दिसू लागतात. अंगाभोवतीची अखंड झालर तुटून पाठीचा आणि गुदाजवळचा पर वेगळा होतो. पोटाखालचे पर सगळ्यात शेवटी. हे वळण सूक्ष्मदर्शकात स्पष्ट दिसतं, म्हणून निर्णयासाठी फार उपयोगी आहे: नमुन्यातली निम्मी पिल्लं वळणावर आली की पोहण्याची ताकद बदलली समजा. आता आर्टेमिया पकडता येईल.

आर्टेमियाचं नवजात पिल्लू साधारण ०.४३ ते ०.५२ मिलिमीटरचं असतं. पहिले तीन-चार दिवस रोटिफर चालू ठेवून सोबत मिलिलिटरमागे अर्धा ते एक आर्टेमिया द्या, मग हळूहळू वाढवा. उबवणीसाठी लिटरमागे २ ग्रॅम कोष (आर्टेमियाची सुप्त, वाळलेली अंडी), २८ अंश, २५ ते ३० पीपीटी, जोरदार हवा आणि उजेड, २४ तास. काढताना हवा बंद करा: रिकामी कवचं वर येतात, पिल्लं उजेडाकडे जमतात, न उबलेले कोष तळाला बसतात. मधलंच पाणी घ्या. कवचं टाकीत गेली तर पिल्लू ती गिळतं, ती पचत नाहीत आणि आतडं तुंबतं. नमुन्यात आतड्यात तपकिरी गोल दिसले तर आर्टेमिया काढण्याची पद्धत चुकली आहे.

आर्टेमियात डीएचए जवळपास नसतं, म्हणून दुसऱ्या दिवसापासून समृद्ध केलेलाच द्या. तोही हे मेदाम्ल स्वतः जाळत राहतो. समृद्ध केलेला साठा थंड ठेवा आणि दिवसातून चार-पाच वेळा थोडा थोडा द्या.

याच आठवड्यात जबडा आणि कल्ल्यांचं झाकण कूर्चेचं हाडात बदलत असतं. तोंड उघडंच राहणं, खालचा जबडा वाकणं, झाकण आखूड राहून कल्ला उघडा दिसणं हे दोष इथे पक्के होतात. तापमानाचे झटके, भिंतीवर आदळवणारा प्रवाह, खाद्यातली मेदाम्लं आणि जीवनसत्त्वं कमी पडणं, तसंच ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक, अशी अनेक कारणं एकत्र असू शकतात. म्हणून समृद्धीकरणाच्या मिश्रणात स्वतःच्या मनाने जीवनसत्त्वाचे थेंब वाढवू नका. जास्त दिलं म्हणजे चांगलं, हा समज इथे हाडं बिघडवतो.

जठर आल्यावर कोरडं खाद्य

तेराव्या ते सतराव्या दिवसांत अन्ननलिका आणि आतडं यांच्यामध्ये पिशवी फुगते, तिच्या भिंतीत ग्रंथी तयार होतात आणि आम्ल व पेप्सिन सुरू होतं. पिल्लू आता काळसर झालेलं असतं, त्यामुळे आरपार दिसत नाही. दोन-तीन पिल्लं बेशुद्ध करून स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईने पोट उघडा. आतड्याच्या तोंडाशी आवळलेली कड असलेली स्वतंत्र पिशवी दिसली पाहिजे. खात्री हवी असेल तर ऊतींचे पातळ काप करून ग्रंथी पाहाव्या लागतात. जवळच्या मत्स्य महाविद्यालयाला नमुने देता येतात.

जठराआधी कोरडं खाद्य दिलं तर पिल्लू ते खातंही. अडचण पुढे होते. माशाच्या भुकटीतली प्रथिनं शिजून घट्ट झालेली असतात, नुसत्या ट्रिप्सिनला ती फुटत नाहीत. पोट भरलेलं आणि पिल्लू बारीक, विष्ठा लांब दोऱ्यासारखी आणि तिच्यात खाद्याचे कण जसेच्या तसे, अशी खूण दिसली की थांबा आणि खाद्यात चार दिवस मागे या.

बदल आठवडाभर सोबत चालवा. २०० ते ४०० मायक्रॉनचे कण आधी, आर्टेमियाच्या अर्धा तास अगोदर, म्हणजे भुकेलेलं पिल्लू कणाकडे वळेल. उरलेलं खाद्य दिवसातून दोनदा तळावरून सायफन करा. आर्टेमिया रोज थोडा कमी करा, एकदम तोडू नका.

याच वेळी पिल्लं एकमेकांना खायला लागतात. जिताडा स्वतःच्या लांबीच्या ६०-६५ टक्के लांबीचा भाऊ गिळू शकतो. गिळणाऱ्याचं तोंडच अडकून दोघंही मरतात, हेही घडतं. बाराव्या ते पंधराव्या दिवसापासून दर तीन-चार दिवसांनी जाळीच्या चाळणीने लहान-मोठी वेगळी करा. उपाशी पोटी नको, नुकतंच खाल्लेलंही नको. खाद्यानंतर दोन-तीन तासांनी, थंड वेळी करा.

नमुने टिकवायचे असतील तर

लांबी आधी मोजा, द्रावणात पिल्लू आक्रसतं. बाजारात मिळणारं फॉर्मेलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग घ्या. लिटरमागे ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि ६.५ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट मिसळा. न मिसळल्यास द्रावण आम्ल होतं आणि कोवळ्या हाडांतलं कॅल्शियम विरघळून जातं. २४ तासांनी पिल्लं ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा. हातमोजे घाला आणि हे काम उघड्या हवेत करा.

हाडं-कूर्चा पाहण्यासाठी अल्शियन निळा आणि अलिझरिन लाल ही दुहेरी रंगाई वापरतात: कूर्चा निळी, हाड लाल. जुन्या कृतीत अल्शियन रंग आम्लात मिसळतात. पाच-सहा मिलिमीटरच्या पिल्लात ते आम्लच हाड खातं आणि ‘अजून हाड बनलं नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. लहान पिल्लांसाठी मॅग्नेशियम क्लोराइड वापरणारी आम्लविरहित कृती घ्या.

अवयव बरोबर घडले तरी पिल्लं मरत असतील

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पिल्लं गोल गोल फिरत असतील, मळसूत्रासारखी पोहत असतील, पोट वर करून पडत असतील, आणि नमुन्यात आतडं रिकामं पण वाताशय फुगलेलं असेल, तर मज्जासंस्था नासवणाऱ्या नोडा विषाणूचा संशय घ्या. हा विषाणू मेंदू आणि दृष्टिपटलात पोकळ्या पाडतो. पिल्लू आंधळं होतं म्हणून खात नाही. औषध नाही. नमुने पीसीआर तपासणीला (विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या) द्या, ती टाकी अलग करा, तिची बादली, जाळी, नळी दुसऱ्या टाकीत नेऊ नका, आणि नंतर क्लोरीनने सगळं धुऊन वाळवा. पुढच्या वेळी जनक मासे आधी तपासून घ्या. विषाणू अंड्यांसोबतही येतो.

वहीत प्रत्येक टाकीसाठी रोज एवढं लिहा: सकाळ-संध्याकाळचं तापमान, क्षारता, सरासरी लांबी, भरलेल्या पोटांचा आकडा, वाताशय फुगलेल्या पिल्लांचा आकडा, शेपटी वळलेल्यांचा आकडा, जठर दिसलं का, वाकडेपणा किती. आणि शेजारी त्या दिवशी खाद्यात काय बदल केला ते. तपासणी साधारण तिसाव्या दिवशी थांबवता येते, जेव्हा पिल्लू दीड-दोन सेंटिमीटरचं झालेलं असतं, कपाळापासून पाठीवर पांढरी पट्टी दिसते आणि अंगावर खवले येऊ लागलेले असतात. बाहेर पाठवण्याआधी १०० पिल्लं उजेडासमोर धरून कणा, जबडा आणि कल्ल्यांचं झाकण शेवटचं एकदा तपासा, दोष असलेली पिल्लं मोजून घ्या, आणि तो आकडा घेणाऱ्या शेतकऱ्याच्या पावतीवर लिहा.